जेरार्डने पसारा आवरला

जेरार्ड तुस्कानोला कामाला मी लावलं, त्यामुळे पुढे जे झालं त्यात निम्मा दोष माझा. निम्माच. उरलेला त्याच्या हातांचा. ते हात त्याचं ऐकत नाहीत, हे त्याची बायको डेझी मला वीस वर्षं सांगत आली आहे.

दुबईतल्या अल मनखूल भागात आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या एका बाजूला आम्ही आणि दुसऱ्या बाजूला तुस्कानो. आम्ही म्हणजे मुलगा, सून, नातू वेदांग आणि मी. तुस्कानो मूळचे वसईचे. डेझी एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. त्यांची मुलगी मरिसा लहानपणी दर शनिवारी माझ्याकडे मराठी शिकायला यायची, म्हणून नवरा-बायको दोघंही मला ‘बाई’ म्हणतात. मरिसा आता कॅनडात आहे आणि मला इंग्रजीत मेसेज पाठवते. माझ्या शिकवण्याचं फळ म्हणायचं.

जेरार्ड एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट कॅप्टन होता. म्हणजे चारशे-पाचशे माणसांच्या मेजवान्या असतात ना, लग्नाच्या, कंपन्यांच्या, त्यांची टेबलं मांडायची, वाढपावर लक्ष ठेवायचं, आणि पाहुणा उठला की आवरायचं. या शेवटच्या कामाचा त्याला सगळ्यात जास्त अभिमान. “बाई, दहा मिनिटांत टेबल असं दिसलं पाहिजे, की इथे कधी कोण जेवलंच नाही,” असं तो मला सांगायचा. एकतीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरी तरी वेगळा कसा वागेल? आमच्याकडे आला की सोफ्यावर बसण्याआधी टीपॉयवरच्या कपांचे कान फिरवायचा. कपाचा कान पाहुण्याच्या उजव्या हाताला, घड्याळात चार वाजतात त्या दिशेला हवा, असा त्यांच्या हॉटेलातला नियम. बशी टेबलाच्या कडेपासून किती आत, ते तो अंगठ्याचं पेर लावून मोजायचा. आणि तुम्ही कप खाली ठेवून जरा मान वळवलीत, तर कप गेलाच. माझा किती अर्धा चहा त्या माणसाने मोरीत ओतला असेल, हिशेबच नाही.

पण स्मरणशक्ती! माझ्या पंचाहत्तरीला खालच्या हॉलमध्ये साठ माणसं होती. रात्री माझा चष्मा सापडेना. सगळे खुर्च्या उलट्या करून शोधत होते. जेरार्ड दारातूनच म्हणाला, “चार नंबरचं टेबल, खिडकीकडून तिसरी खुर्ची. ते मिशीवाले काका तुमच्याशी फोटोचं बोलत होते, तेव्हा तुम्ही चष्मा काढून त्यांच्या नॅपकिनवर ठेवलात. त्यांनी नॅपकिन गुंडाळला.” तिथेच होता. मिशीवाल्यांचं नाव मात्र त्याला आठवेना.

साठ वर्षं पूर्ण झाल्यावर हॉटेलने त्याला एक ढाल दिली, एक केक दिला, आणि खलास. त्या निरोपसमारंभात केक त्यानेच कापला, सगळ्यांना वाढला, आणि शेवटी बशाही त्यानेच गोळा केल्या, असं डेझीने सांगितलं. मग तो डेझीच्या व्हिसावर घरी बसला. पहिला महिना गमतीत गेला. “बाई, आता मी हाउसवाइफ,” असं स्वतःच म्हणायचा. मग गमती थांबल्या. एका संध्याकाळी डेझी माझ्याकडे आली आणि दार लोटून घेतलं.

“बाई, याला कुठेतरी न्या. मसाल्याच्या बाटल्या दिवसातून तीनदा उतरवतो आणि परत लावतो. काल मी पाणी पिऊन ग्लास ठेवला, वळले, तर ग्लास धुऊन पालथा.”

“हे तर तो नेहमीच करतो.”

“हो. पण दाढी करत नाही.”

ते मात्र मला टोचलं. जेरार्ड दिवसातून दोनदा दाढी करणारा माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम साखर मागायला गेले, तर दार उघडायला आला तो चार दिवसांच्या पांढऱ्या खुंटांसकट. साखर दिली. वाटीखाली बशी होती, बशीवर घडी केलेला रुमाल होता. तोंडावर हसू तेवढं नव्हतं.

आता वेदांगच्या मालिकेबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा नातू इथेच जन्मला, इथेच वाढला, मराठी ऐकतो आणि उत्तर इंग्रजीत देतो. आणि अशा मुलाने मराठी विनोदी मालिका काढली! नाव ‘डोळस आणि मंडळी’. काळ सन २०८८, गाव दुबई. डोळस नावाच्या एका गृहस्थाची गुप्तहेर कंपनी. त्यांच्याकडे बोलणाऱ्या भिंती आहेत, उडणारे डबे आहेत, माणसाच्या घामावरून त्याचं नाव सांगणारं यंत्र आहे, आणि तरी त्यांना कधीही काहीही सापडत नाही. पहिल्याच भागात एका टॉवरचा मालक येतो आणि म्हणतो, माझ्या इमारतीची सावली चोरीला गेली. २०८८ मध्ये सावली भाड्याने देतात, म्हणून तिची चोरी. डोळस आणि त्याची मंडळी सगळी यंत्रं घेऊन सावली शोधायला निघतात ती बरोबर दुपारी बारा वाजता. मी वाचतानाच खुर्चीतून पडायची राहिले. विनोद चांगला होता. मराठी भयंकर होतं. ‘तू मला सावली दे नाहीतर मी पोलीस करीन’ अशी वाक्यं! मी लाल पेन घेतलं, आणि तेव्हापासून दर शूटिंगला मला गाडी न्यायला येते. मी तिथे संवाद तपासते. पगार विचारू नका, नाही.

शूटिंग दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या, म्हणजे पोरांच्या भाषेत डीआयपीमधल्या, एका गोदामात. शेजारी बिस्किटांचा कारखाना आहे, त्यामुळे २०८८ सालाला सतत भाजक्या बिस्किटांचा वास येतो. तिथे सेटवरच्या वस्तू सांभाळणारा माणूस हवा होता. नटाच्या हातात वेळेवर फाइल द्यायची, चष्मा द्यायचा, काय कुठे आहे ते पाहायचं. मी जेरार्डचं नाव सुचवलं.

“आजी, ही इज सिक्स्टी!” वेदांग म्हणाला.

“मी शहात्तर. मला घेतलंस ना?”

“यू आर फ्री.”

“तोही घरून डबा आणेल.”

वेदांगने बराच वेळ केसांत हात फिरवला. मग म्हणाला, “ओके. ट्रायल. वेन्सडे टू फ्रायडे. काही गडबड झाली तर खलास, आजी. नो इमोशनल सीन.”

बुधवारी सकाळी साडेसहाला जेरार्ड लिफ्टपाशी उभा होता. गुळगुळीत दाढी, पांढरा शर्ट, काळी पँट, तोंड दिसेल असे चकचकीत बूट. गोदामात सगळी पोरं फाटक्या जीन्समध्ये. “अंकल, किसी की शादी है क्या?” असं कोणीतरी विचारलं. जेरार्ड हसला आणि कामाला लागला. पहिले दोन दिवस तो इतका खूश होता, की गाडीत येता-जाता एकसारखा बोलत होता. डोळसचं काम करणारे दत्तप्रसाद पुण्याहून आलेले, मोठे नाटकवाले. ते कॉफी डावीकडून पितात, कारण त्यांची उजवी दाढ दुखते. लाइटवाला आधी डावा बूट घालतो. सेटवरची एक पोरगी कागद दुमडते तो नेहमी आतल्या बाजूला. “बाई, आठ महिन्यांनी माझ्यासमोर माणसं आहेत,” असं म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.  

मग शुक्रवार आला.

शुक्रवारी त्या पहिल्या भागातला सगळ्यात मोठा प्रसंग होता. डोळसचं टेबल म्हणजे मालिकेचा जीव. २०८८ सालातला पसारा कसा असेल, यावर पोरांनी दोन दिवस घालवले होते. डोळसचा यंत्रांवर विश्वास नाही, म्हणून टेबलावर कागदी फायली. हरवू नयेत म्हणून ठेवलेले सात चष्मे. तीन रिमोट, त्यांतला एकही चालत नाही. चुरगळलेल्या कागदांचे बोळे, एक निकामी उडता डबा, कॉफीचा कप, आणि अर्धा खाल्लेला निळा बटाटेवडा. भविष्यात बटाटा निळा असतो, असं वेदांगचं म्हणणं. करामा भागातल्या एका बाईंकडून तसे सहा वडे करून घेतले होते. चाळीस दिरहॅमला एक. म्हणजे साडेनऊशेच्या वर रुपये, एका वड्याचे! मी वेदांगला म्हटलं, तुझ्या आजोबांचं लग्न एवढ्यात झालं होतं.

सकाळभर प्रसंगाचा पहिला अर्धा भाग झाला. डोळस टेबलावर सावलीचा कागद शोधतो, शोधताना आणखी पसारा करतो, चिडतो, वडा खातो. दत्तप्रसादांनी असा धुमाकूळ घातला की कॅमेरावालाही हसला. उरलेला अर्धा भाग जेवणानंतर, त्याच टेबलावर, जिथल्या तिथे. संध्याकाळी पाचला दत्तप्रसाद विमानतळावर जाणार होते. पुण्यात त्यांचा प्रयोग होता. महिनाभर परत येणार नव्हते.

साडेबाराला नमाजाची आणि जेवणाची सुट्टी झाली, दोनपर्यंत. निम्मी माणसं मशिदीत गेली, निम्मी बिर्याणीला. सेटवरची प्रत्येक वस्तू कुठे आहे त्याचे फोटो काढण्याचं काम ईशानी नावाच्या मुलीकडे होतं. तिने फोटो काढले, पण तो टॅब आणि सकाळचं चित्रण दोन्ही एकाच बॅगेत घालून ड्रायव्हरबरोबर सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसात पाठवून दिलं, कॉपी करायला. हे तिला कळलं दोन वाजता. आम्हाला तेव्हा तेही ठाऊक नव्हतं.

मी मेकअपच्या खोलीत डबा खाल्ला आणि एकला दहा कमी असताना माझे कागद घ्यायला सेटवर आले.

टेबल लखलखत होतं.

फायली उंचीप्रमाणे एकावर एक. सहा चष्मे एका रांगेत, दांड्या मिटलेल्या; सातवा दत्तप्रसादांच्या कपाळावरच गेला होता. तीन रिमोट समांतर. चुरगळलेले कागद हाताने सपाट करून, कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवलेले. वडा गायब. मधोमध टेबल पुसायच्या पिवळ्या फडक्याचा सुबक पंखा करून उभा केलेला. आणि बाजूला हातावर दुसरं फडकं टाकून जेरार्ड उभा, जत्रेतल्या देवासारखा प्रसन्न.

“जेवलात, बाई?”

मी टेबलाकडे बोट दाखवलं. तो टेबलाकडे बघायला लागला. मग माझ्याकडे, मग परत टेबलाकडे. त्याच्या हातावरचं फडकं खाली पडलं, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच असेल, त्याने पडलेली वस्तू उचलली नाही.

“देवा माझ्या,” तो म्हणाला. “बाई, पाहुणे उठले.”

“काय?”

“सगळे उठून गेले ना. मी इथे एकटा. डेझीला फोन करत होतो. सांगत होतो की आज शेवटचा दिवस ट्रायलचा, सगळं मस्त चाललंय. बोलता बोलता…” त्याने आपले दोन्ही हात वर करून माझ्यासमोर धरले, जणू दुसऱ्याचेच आहेत. “मी नाय केलं, बाई. यांनी केलं.”

“वडा कुठे आहे?”

“कचऱ्यात. सफाईवाला पिशवी घेऊन गेला.”

तो कॅन्टीनकडे चालायला लागला. मी त्याची बाही धरली.

“कुठे?”

“वेदांगला सांगतो. काय लपवायचं? खलास झालं. सोमवारपासून परत मसाल्याच्या बाटल्या.” हे त्याने हसून म्हणायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

“सांगायचं ते सांग, मी अडवत नाही. पण चार वाजता, काम संपल्यावर सांग. आत्ता सांगून कोणाचं भलं होणार आहे? आधी लाव ते परत.”

“काय लावू?”

“पसारा!”

“बाई, मी जन्मात कधी पसारा लावला नाय!”

“मग आज लाव. यल्ला, चल लवकर. सत्तर मिनिटं आहेत.”

तो टेबलासमोर उभा राहिला. डोळे मिटले, उघडले. एक चष्मा उचलला, ठेवला, परत उचलला. “मला टेबल असं नाय आठवत,” तो म्हणाला. “मला माणूस आठवतो. कोण बसला, कुठल्या हाताने काय केलं. रिकामी खुर्ची बघून काय आठवणार? तुम्ही बसा.”

“मी?”

“डोळस व्हा. वाक्यं तुमच्याकडे आहेत ना? सकाळी साहेब बोलले तशी बोला. जोरात.”

मी कॉलेजात असताना एकदा नाटकात काम केलं होतं आणि परीक्षकांनी मला बसायला सांगितलं होतं. पण वेळ कोणाकडे होता? डोळसच्या खुर्चीत बसले, कागद उघडले आणि ओरडले, “‘यंत्रा, तू गप्प बस! मी विचार करतोय!’”

“थांबा! इथे साहेबांनी डाव्या कोपराने फायली लोटल्या. तुम्ही लोटा.”

“मी हाताने ठेवते ना नीट.”

“नको! ठेवली की ठेवल्यासारखी दिसते. कोपर मारा.”

मी कोपर मारलं. दोन फायली पडल्या. तिसरी लटकायला हवी होती, तीही पडली. जेरार्डने ती उचलली, कडेवर ठेवली, अंगठ्याचं पेर लावून मोजलं. “दीड पेर बाहेर होती.” मग बोटाच्या टोकाने तिला थोडी तिरकी केली. “हां. पुढे.”

“‘ज्या गावात सावलीसुद्धा सुरक्षित नाही, त्या गावात मी चष्मा कुठे ठेवू?’”

“पहिला चष्मा कपाळावर, तो साहेबांच्या अंगावर गेला. दुसरा फेकला. उजव्या हाताने, मागे न बघता. फेका.”

“माझा खांदा धरलाय.”

“मग अर्धा फेका.”

असं वाक्यामागून वाक्य. मी बोलायची, तो मला दत्तप्रसाद समजून माझे हात बघायचा, आणि वस्तू जागच्या जागी जायच्या. सर्वांत जास्त वेळ गेला तो कागदाच्या बोळ्यांना. अकरा होते. सपाट केलेले परत चुरगळायचे होते. मी दोन चुरगळून दिले तर त्याने नाक मुरडलं. “असा नाय, बाई. हा रागाने चुरगळला होता. हा कंटाळून. कंटाळून चुरगळलेला सैल असतो.” मी रागाने एक चुरगळला. “हां, आता बरोबर,” म्हणाला. त्या वेळी मला खरंच राग आला होता.

राहिला वडा. डब्यात पाच शिल्लक होते, पण अख्खे. सकाळचा अर्धा खाल्लेला होता.

“खा,” मी म्हटलं.

जेरार्डने तोंड उघडून वरचा जबडा हलवून दाखवला. कवळी. “कवळीचा घास सरळ दिसतो. साहेबांचा गोल होता, डाव्या बाजूने.”

माझे दात माझेच आहेत. सगळे. हे मी अभिमानाने सांगत आले आहे, पण त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. तो निळा वडा मी डाव्या बाजूने चावला. शाळेतला खडू तेलात तळला तर तसा लागेल. जेरार्डने उरलेला अर्धा हातात घेऊन फिरवला. “घास थोडा मोठा झाला.” मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वडा निमूटपणे बशीत ठेवला.

दोनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही मागे सरकलो. टेबल परत डोळसचं झालं होतं. घाणेरडं, खरकटं, झकास. बाहेर पोरांचे आवाज यायला लागले. जाता जाता जेरार्ड थबकला, मागे वळला, टेबलाशी जाऊन काहीतरी हलवलं आणि परत आला. मी विचारलं नाही. घसा बसला होता.

दोन वाजता ईशानी धावत आली, बॅग उलटीपालटी केली आणि मट्कन खाली बसली. टॅब गाडीत गेल्याचं तेव्हा तिला कळलं. तिने घाबरून टेबलाकडे पाहिलं, सगळ्या बाजूंनी फिरली आणि म्हणाली, “ओके, ओके. कोणी टच नाही केलंय. थँक गॉड.” जेरार्ड माझ्या मागे उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

दत्तप्रसाद येऊन बसले. वेदांगने सुरू करायला सांगितलं. डोळस यंत्राशी भांडता भांडता न बघता डावा हात मागे नेतो आणि तिसरा चष्मा उचलतो, असं होतं. हात मागे गेला. जेरार्डने डोळे मिटून घेतले. चष्मा हातात आला. जिथे हवा तिथेच होता.

सव्वाचारला सगळं संपलं. टाळ्या झाल्या. वेदांग माझ्याकडे पळत आला, खांद्यांना धरलं, आणि त्याचा चेहरा बदलला.

“आजी, तुझी टंग ब्लू का आहे?”

“जांभळं खाल्ली.”

“डीआयपीमध्ये? मार्चमध्ये?”

डोळसला जे जन्मात जमणार नाही ते माझ्या नातवाने दोन प्रश्नांत केलं. मी तिसरं काहीतरी ठोकून देणार, तेवढ्यात जेरार्ड पुढे आला. पाठ ताठ, हात मागे, हॉटेलात उभा राहायचा तसा.

“बाईंना काय बोलू नको. वडा त्यांनी खाल्ला, पण माझ्यामुळे. जेवणाच्या सुट्टीत मी टेबल साफ केलं. पूर्ण. मग परत लावलं. चूक माझी आहे. मी आत्ताच जातो, पण तुला सांगून जातो.”

 बिस्किटांचं यंत्र तेवढं पलीकडे धडधडत होतं.

“यू क्लीन्ड इट?” वेदांग म्हणाला. “ऑल ऑफ इट?”

“पाहुणे उठले,” जेरार्ड हळूच म्हणाला.

वेदांगने घड्याळाकडे पाहिलं, मग दत्तप्रसादांकडे. पाऊण तासात ते निघणार होते. टेबल चुकीचं लागलं असेल तर दुपारची सगळी मेहनत कचऱ्यात, आणि जेरार्ड घरी. तेवढ्यात दारात गाडी आली. ड्रायव्हर बॅग घेऊन आत आला, आणि एकाच वेळी सात माणसं अंगावर धावल्यामुळे बिचारा दोन पावलं मागे गेला.

ईशानीने टॅबवर सकाळचा फोटो उघडला. शेजारच्या पडद्यावर दुपारचं पहिलं चित्र थांबवून ठेवलं. सगळे मागे गोळा झाले. ती एकेका वस्तूवर बोट ठेवत गेली.

“फाइल्स सेम. लटकलेली पण सेम. चष्मे… वन, टू… सेम. रिमोट्स. ओ माय गॉड. पेपर बॉल्स अकरा.” ती वाकली. “वडा. बाइट थोडा मोठा आहे.”

“बाई दिलदार आहेत,” दत्तप्रसाद म्हणाले.

मी तिकडे लक्ष दिलं नाही.

“अँड…” ईशानीचं बोट थांबलं. “कप. कपाचा कान सकाळी भिंतीकडे आहे. दुपारी उजवीकडे. चेंज झालाय.”

सगळ्यांनी जेरार्डकडे पाहिलं. मला मात्र शेवटच्या क्षणी त्याने मागे वळून काय हलवलं ते तेव्हा समजलं.

“ते मी विसरलो नाय,” तो म्हणाला. “ते मुद्दाम केलं. आधी भिंतीकडेच ठेवला होता, होता तसा. पण सकाळभर साहेब तो कप मनगट वाकडं करून उचलत होते. दोनदा सांडली कॉफी. कप पाहुण्यासमोर असा ठेवून मी जाऊ शकत नाय. म्हणजे, गेलो होतो. दारापर्यंत. मग परत आलो.”

वेदांगने कपाळाला हात लावला. मी तोंड उघडलं. नो इमोशनल सीन, हे मला आठवत होतं, तरी उघडलं. पण माझ्याआधी दत्तप्रसाद हसायला लागले. ते खुर्चीत मागे रेलून हसत होते, पोट धरून. “अरे, म्हणून! मी म्हणतोय, दुपारी कॉफी सांडली कशी नाही!” आणि हसता हसता एकदम डोळस झाले. उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवला, बोट हवेत नाचवलं आणि गर्जले, “कपाचा कान कोणी फिरवला? जागेवरून कोणीही हलायचं नाही! यंत्रा, दारं लाव! हा साधा कान नाही, हा कट आहे!”

 वेदांग ओरडला, “रोल! रोल! कॅमेरा चालू करा रे!”

वीस मिनिटांत, कागदावर एकही ओळ नसताना, दत्तप्रसादांनी त्या कपावर जे केलं, ते बघून कॅमेरावाल्याने दातांत रुमाल धरला. डोळसने कपाची उलटतपासणी घेतली. भिंतीला साक्षीला बोलावलं. स्वतःच्याच हाताचे ठसे सापडले म्हणून स्वतःला अटक केली आणि सुटण्यासाठी स्वतःलाच लाच देऊ केली. मी दोनच शब्द दुरुस्त केले. पाचला पाच मिनिटं असताना त्यांना गाडीत कोंबलं. जाताना खिडकीतून ते जेरार्डला म्हणाले, “कॅप्टन, पुढच्या महिन्यात कान नीट ठेवा.”

जेरार्ड आपला डबा पिशवीत भरत होता. वेदांग त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. माझा नातू इंग्रजीतच बोलणार म्हणून मी तयार होते, पण तो चक्क मराठीत बोलला. मोडक्या, पण बोलला.

“जेरार्ड अंकल, सोमवारी साडेसात. आणि लंचमध्ये तुम्ही सेटवर एकटे नाही बसायचं. आजीबरोबर जेवायचं. आजीच्या समोर. आजी, तू त्यांचे हात बघ.”

“आणि टेबल?” जेरार्डने विचारलं.

“ईशानी फोटो काढणार. तुम्ही फोटो चेक करणार.”

गाडीत जेरार्डने डेझीला फोन लावला. “हॅलो. हां. नाय, नाय, काय झालं नाय. सोमवारी साडेसात.” पलीकडून डेझी काय म्हणाली माहीत नाही. तो म्हणाला, “अगं, तू कशाला रडते? बाईंची जीभ निळी झालीये, ते बघायला ये.”

तेव्हापासून आम्ही रोज समोरासमोर डबा खातो. मी त्याच्या हातांत एक नॅपकिन देऊन ठेवते. तो जेवता जेवता त्याचं कमळ करतो, होडी करतो, मोर करतो. पोरं घरी घेऊन जातात.

कपाच्या कानाचा भाग वेदांगने वेगळाच केला. अख्खा भाग डोळस आणि मंडळी कपाचा कान कोणी फिरवला ते शोधतात, चंद्रावर जाऊन येतात, आणि गुन्हेगार सापडत नाही. तो पहिल्यांदा दाखवला त्या संध्याकाळी आमच्या घरात पंचवीस माणसं होती. सुनेने साबुदाणेवडे केले होते, पांढरे. डेझी दोन खुर्च्यांमध्ये बसून इतकी हसली, की शेवटी नुसतीच डोळे पुसत राहिली. जेरार्ड दुसऱ्यांदा दाढी करून आला होता, अत्तरासकट.

शेवटी नावं आली. मला ते ठाऊक नव्हतं, वेदांगने कोणालाच सांगितलं नव्हतं. लेखकाच्या आणि कॅमेऱ्याच्या खाली एक ओळ होती: ‘पसारा: जेरार्ड तुस्कानो’. घर दणाणून गेलं. सगळ्यांनी मागे वळून टाळ्या वाजवल्या, पण जेरार्डची खुर्ची रिकामी. कार्यक्रम संपत आला, पाहुणे उठणार, हे ओळखून तो आधीच ट्रे घेऊन आतल्या खोलीतले कप गोळा करायला गेला होता.

“जेरार्ड! अरे, तुझं नाव!” मी ओरडले आणि चहाचा घोट घ्यायला हात मागे नेला. कप नव्हता. अर्ध्याहून जास्त चहा होता त्यात!

“माझा चहा!”

“सॉरी, बाई,” मोरीपाशी पाण्याचा आवाज आणि त्यातून त्याचा. “आणतो.”

आणला. गरम, ताजा, बशीसकट. टेबलाच्या कडेपासून एक पेर आत, कान चारच्या काट्यावर. मी दोन घोट घेतले आणि वळून डेझीला म्हटलं, आता तुझ्या नवऱ्याला दाढीची आठवण करून द्यावी लागत नाही ना?

एवढंच बोलले. परत वळले तर नुसतं टेबल, पुसलेलं.